सासरच्या जर्मन घराण्याचं मूळ गाव शोधायचंय. जुने कागद कुठले आणि कसे बघायचे?

अबोली_मिलवॉकी

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवळणाचा आहे, सांभाळून घ्या.

माझं माहेर साताऱ्याचं, सासर विस्कॉन्सिनचं. नवऱ्याचं घराणं मूळ जर्मन. सासूबाई आता थकल्यात आणि त्यांच्या मनाने घेतलंय की "आपले लोक नेमके कुठून आले" हे कळलंच पाहिजे. घरात बाकी कोणाला वेळ नाही, तेव्हा काम सुनेकडे.

आडनाव इथे उघड करत नाही. सोयीसाठी श्नायडर धरा, आता 'स्नायडर' लावतात. नवऱ्याचे खापरपणजोबा बायकोमुलांसह आले. घरात पिढ्यान्‌पिढ्या तीन गोष्टी सांगितल्या जातात. एक, ते बर्लिनहून आले. दोन, सैन्यभरती चुकवायला रातोरात पळाले. तीन, न्यूयॉर्क बंदरात परदेशी उतारूंना तपासणाऱ्या एलिस आयलंडच्या ठाण्यावरच्या कारकुनाने श्नायडरचं स्नायडर करून टाकलं.

कागद म्हणाल तर एकच हाती आहे, १९०० च्या जनगणनेचं पान. त्यात खापरपणजोबांचा जन्म मार्च १८५५, ठिकाण नुसतं 'जर्मनी', आगमन १८८२, जिल्हा मॅरेथॉन काउंटी. नागरिकत्वाच्या रकान्यात 'पीए' अशी दोन अक्षरं. बायकोच्या नावापुढे दोन आकडे, ९ आणि ५. हे काय आहे? आणि पुढे कुठे जाऊ?

कोकणी_फणस

वाचतोय. यातलं काही कळत नाही, पण खुर्ची ओढून बसलोय.

अण्णा_सिनसिनाटी

अबोली, हात शिवशिवले. निवृत्तीनंतर मी इथल्या वाचनालयात वंशावळी शोधणाऱ्यांच्या टेबलावर बसतो. आमच्या गावात एका वस्तीचं नावच 'ओव्हर-द-ऱ्हाइन' आहे, त्यामुळे येणाऱ्यांत निम्मे लोक जर्मन आजोबा शोधणारे. लांबण लागेल, चहा घेऊन बस.

आधी ते दोन आकडे. १९०० च्या जनगणनेत बाईला विचारायचे: मुलं किती झाली, हयात किती? नऊ झाली, पाच राहिली. सासूबाईंना हे माहीत नसेल तर जरा बेताने सांग.

'पीए' म्हणजे पहिले कागद केले, पुढचे नाहीत. नागरिकत्व तेव्हा दोन टप्प्यांत मिळायचं: आधी इरादा जाहीर करायचा, मग काही वर्षांनी अर्ज आणि शपथ. विस्कॉन्सिनच्या राज्यघटनेत १८४८ पासून नुसता इरादा जाहीर केलेल्या परदेशी पुरुषालाही मत होतं. ती सवलत १९०८ मध्ये काढायचं ठरलं. मत मिळतंय म्हटल्यावर शेतकरी पुन्हा कशाला कोर्टाची पायरी चढतोय? म्हणून दुसरे कागद सापडले नाहीत तर डोकं आपटू नकोस, ते बहुधा झालेच नसतील. पहिल्या कागदाकडूनही फार आशा नको. १९०६ च्या आधीच्या कागदांत बहुतेक वेळा 'जर्मनीच्या सम्राटाची निष्ठा सोडतो' एवढंच असतं, गाव नसतं.

आता तुमच्या तीन गोष्टी. एलिस आयलंडचं ठाणं उघडलं १ जानेवारी १८९२ ला. हे आले १८८२ मध्ये. न्यूयॉर्कला उतरले असतील तर कॅसल गार्डनला, म्हणजे तिथल्या आधीच्या ठाण्यावर. आणि कुठेही उतरले तरी नाव तिथे कोणी बदलत नव्हतं. उतारूंची यादी जहाजासोबत यायची आणि समोरचा कारकून ती ताडून बघायचा. नावं बदलली ती लोकांनी स्वतः, सवडीने, पुढे.

बर्लिनचं म्हणशील तर कुठलं बर्लिन? विस्कॉन्सिनमध्ये बर्लिन नावाचं शहर आहे, मिलवॉकीला लागून न्यू बर्लिन आहे, आणि खुद्द मॅरेथॉन काउंटीत 'टाउन ऑफ बर्लिन' आहे. तिथे वसलेले लोक मुख्यतः पोमेरेनियाचे, म्हणजे बाल्टिक किनाऱ्यावरच्या प्रशियन प्रांतातले. पणजोबा कुणाला तरी "आम्ही आधी बर्लिनला होतो" असं सांगत असतील आणि ऐकणाऱ्याने थेट जर्मनी गाठली असेल. माझा पैसा यावर.

भरतीचं जमत नाही. प्रशियात विसाव्या वर्षाच्या आसपास भरती व्हायची. हा माणूस सत्ताविसाव्या वर्षी बायकोमुलं घेऊन आला. पळणारे त्याआधी पळत. डोनाल्ड ट्रम्प यांचे आजोबा फ्रीडरिश हे बव्हेरियाच्या पॅलेटिनेट भागातल्या कालश्टाट गावचे. ते १८८५ मध्ये ब्रेमेनहून निघाले तेव्हा सोळा वर्षांचे होते. पैसा कमावून परत गावी राहायला गेले, तेव्हा लष्करी सेवा न करता देश सोडला म्हणून बव्हेरियाने त्यांना राहू दिलं नाही. राजप्रतिनिधीकडे केलेला विनंतीअर्जही फेटाळला.

मग हे का आले? १८८२ हे जर्मनांच्या अमेरिकेत येण्याचं सगळ्यात मोठं वर्ष, सुमारे अडीच लाख माणसं. पोमेरेनियात जमीन मोठ्या जमीनदारांची, बाकीचे त्यांच्याकडे राबणारे. त्यात अमेरिकेतला स्वस्त गहू युरोपच्या बाजारात आला, धान्याचे भाव पडले, मजुराला काम उरलं नाही. ज्या देशाच्या गव्हाने पोटावर पाय आणला त्याच देशात गहू पेरायला निघाले! १८३९ मध्ये मिलवॉकीजवळ फ्राइश्टाट वसवणारे पोमेरेनियन धर्माच्या कारणाने आले होते, राजाने दोन प्रोटेस्टंट पंथ जबरदस्तीने एक केले म्हणून. तुमचे लोक तसे नसावेत. ते भाकरीसाठी आले.

कामाचं एकच सांगतो: गावाचं नाव. ते मिळेपर्यंत जर्मनीतल्या कुठल्याही दप्तराच्या वाटेला जाऊ नकोस. लोक काय करतात, जर्मन संकेतस्थळावर 'श्नायडर, योहान' घालतात आणि हजारांत बुडतात. गाव मिळतं ते अमेरिकेतल्याच कागदांत, आणि सगळ्यात जास्त चर्चच्या वहीत. ल्यूथरन पास्टर दफनाच्या नोंदीत जन्मगाव लिहायचे. मॅरेथॉन काउंटीतलं ते चर्च शोध.

उंटावरचा_शहाणा

एवढं सगळं कशाला? थुंकी पाठवा, डीएनए चाचणी करा, आठवडाभरात उत्तर. शंभर वर्षांपूर्वीच्या चर्चच्या वह्या कोण उपसतंय!

अण्णा_सिनसिनाटी

शहाणे, थुंकीतून गाव निघत नाही. 'इतके टक्के उत्तर युरोप' एवढं कळतं, ते आडनावावरूनही कळलं असतं. हां, त्यातून चुलतभावंडं सापडतात आणि त्यांच्या घरात एखादा कागद असतो. तेवढ्यापुरतं करावं.

श्टुटगार्टकर

अण्णांना +१. जर्मनीच्या बाजूने थोडी भर घालतो.

इथे 'राष्ट्रीय' असं एकच दप्तर नाही, कारण १८७१ पर्यंत जर्मनी नावाचं एक राष्ट्रच नव्हतं. प्रशिया, बव्हेरिया, बाडेन, व्युर्टेमबर्ग, प्रत्येकाची वही वेगळी. जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद प्रशियात १ ऑक्टोबर १८७४ पासून, बाकी साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून. ऱ्हाइनच्या पश्चिमेला फ्रेंच राज्य असल्यामुळे ती फार आधीपासून आहे. त्यापूर्वीचं सगळं चर्चच्या वह्यांत.

ही सरकारी नोंद करणारी कचेरी म्हणजे स्टांडेसआम्ट. तिच्या वह्या जन्माच्या ११०, लग्नाच्या ८० आणि मृत्यूच्या ३० वर्षांनी अभिलेखागारात जातात आणि मग कोणालाही बघता येतात. अबोलीताई, खापरपणजोबांचं लग्न १८७४ नंतर तिकडेच झालं असेल तर नशीबवान आहात. लग्नाच्या नोंदीत दोघांच्या आईवडिलांची नावं आणि राहतं गाव असतं.

पोमेरेनियाची एक भानगड आहे. १९४५ नंतर त्याचा पूर्वेकडचा मोठा भाग पोलंडमध्ये गेला. गावांची नावं बदलली, श्टेटिनचं श्चेचिन झालं. चर्चच्या बऱ्याच वह्या युद्धात गेल्या. उरलेल्या काही जर्मनीत ग्राइफ्सवाल्डला, काही पोलंडमध्ये. पण पोलंडच्या सरकारी अभिलेखागारांनी स्टांडेसआम्टच्या पुष्कळ वह्या स्कॅन करून फुकट ठेवल्यात, पानापानाने चाळता येतात. या बाबतीत पोलिश लोक जर्मनांपेक्षा दिलदार निघाले. आमच्याकडे प्रोटेस्टंट चर्चच्या वह्या बघायला वर्गणी भरावी लागते.

अबोली_मिलवॉकी

किती लिहिलंत सगळ्यांनी! चर्च सापडलं. तिथली सेक्रेटरी भली बाई आहे, तळघरातल्या कपाटातून दफनाची वही काढून फोनवर फोटो पाठवले.

अण्णा, आकड्यांचं उत्तर तिथेच आहे. १८८६ च्या हिवाळ्यात पंधरवड्याच्या आत तीन मुलं. सात वर्षांची मुलगी, मग चार वर्षांचा मुलगा, मग तान्हं. तिन्ही ओळींत कारणाच्या रकान्यात एकच शब्द. पहिल्या दोन ओळींत पूर्ण, 'हाल्सब्रॉयने' असा लागतोय, आणि तिसऱ्या ओळीत पास्टरने नुसतं 'तेच' असं चिन्ह केलंय. सासूबाईंना दाखवलं. बराच वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या, "चौथं?" ते अजून सापडलेलं नाही.

खापरपणजोबांची स्वतःची नोंद १९२१ ची. त्यात जन्मगाव आहे, पण मला अक्षर लागत नाही. 'नॉयेनडॉर्फ' असावं. पुढे 'क्राइस', म्हणजे जिल्हा, आणि मग काहीतरी, ते 'आर' ने सुरू होतं किंवा 'एन' ने. फोटो जोडलाय.

दप्तरी

'हाल्सब्रॉयने' बरोबर लागलंय, घटसर्प.

मी जर्मन शिकलेलो नाही, पण पुण्यात मोडी कागद वाचण्यात आयुष्य गेलं, म्हणून फोटो मोठा करून बघितला. या लिपीला कुरेंट म्हणतात. जातकुळी आपल्या मोडीचीच, हात न उचलता लिहायची, म्हणून अक्षरं एकमेकांच्या गळ्यात पडलेली. मोडी वाचणारा काय करतो? मायना आणि तारीख आधी लावतो, कारण ते ठरलेलं असतं. तिथून त्या लेखकाची अक्षरं गोळा करतो आणि मग अनोळखी शब्दाला हात घालतो. इथेही तेच करा. महिन्यांची नावं आणि 'जन्म', 'मृत्यू', 'दफन' हे शब्द दर ओळीत आहेत, त्यांवरून या पास्टरची बाराखडी कागदावर उतरवून घ्या.

दोन खोड्या ध्यानात ठेवा. यात 'ई' आणि 'एन' जवळजवळ सारखे दिसतात, दोन उभ्या रेघा. 'यू' च्या डोक्यावर चंद्रकोरीसारखी रेघ असते, तिच्यावरून तो 'एन' पासून वेगळा काढायचा. तुमच्या शब्दातलं पहिलं अक्षर याच पानावर वर 'रोझीना' नावाच्या बाईच्या नोंदीत आहे, दोन्ही शेजारी ठेवून बघा. मला तरी ते आर वाटतं.

अबोली_मिलवॉकी

दप्तरीकाका, साष्टांग दंडवत. रोझीनाशी तंतोतंत जुळलं. रेगेनवाल्डे!

श्टुटगार्टकर

रेगेनवाल्डे म्हणजे खास पोमेरेनिया, आताचं पोलंडमधलं रेस्को. अण्णांनी पैसा लावला होता तो वसूल.

पण नॉयेनडॉर्फ नावाची गावं जर्मनीत पोत्याने आहेत. मायरचा १९१२ चा गावकोश संगणकावर आहे, त्यात गाव घातलं की क्राइस, स्टांडेसआम्ट आणि चर्च कुठलं ते कळतं. मूळ पान जुन्या टोकदार छापात आणि सगळं संक्षेपात, पण सोबत उलगडा दिलेला असतो. थेट जुळलं नाही तर आजूबाजूच्या क्राइसांतही बघा, हद्दी बदलत असत.

अण्णा_सिनसिनाटी

आणि एकट्या श्नायडरच्या मागे लागू नकोस. ही माणसं एकेकटी आली नाहीत. आधी मेहुणा आला, त्याने पत्र लिहिलं, मग चुलतभाऊ, मग निम्मी आळी. त्याच चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याच्या नोंदी काढ आणि मुलांना मांडीवर घेणारे साक्षीदार कोण ते बघ. ते नात्यातले किंवा गाववाले असतात. त्यांच्या दफननोंदीत जन्मगाव जास्त स्पष्ट लिहिलेलं असू शकतं.

जहाज शोधत असशील तर न्यूयॉर्कला चिकटून राहू नकोस. ब्रेमेनची जहाज कंपनी नॉर्थ जर्मन लॉइड आणि बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे यांचं १८६८ पासून साटंलोटं होतं. बाल्टिमोरला लोकस्ट पॉइंटवर बोटीतून उतरायचं आणि तिथेच आगगाडीत बसायचं. आपल्या मिडवेस्टातले कितीतरी जर्मन या वाटेने आलेत आणि त्यांची पतवंडं न्यूयॉर्कच्या याद्या चाळत बसलीत.

निघतानाची यादी मिळेल का, हे बंदरावर अवलंबून. हॅम्बुर्गच्या याद्या १८५० ते १९३४ बऱ्याचशा शाबूत आहेत आणि त्यांत शेवटचं राहतं गाव असतं. ब्रेमेनवाल्यांनी जागा नाही म्हणून जुन्या याद्या स्वतःच्या हाताने नष्ट केल्या, उरल्यासुरल्या युद्धात गेल्या. आज आहेत त्या मुख्यतः १९२० ते १९३९ च्या. कपाटाला जागा नाही म्हणून लाखो माणसांचा माग पुसला, या गोष्टीचा मला दर वेळी नव्याने राग येतो.

कोकणी_फणस

मग एलिस आयलंड नाही तर श्नायडरचं स्नायडर केलं कोणी? ते राहिलंच की.

अबोली_मिलवॉकी

फणसदादा, ते आधीच सापडलंय, सांगायचं राहिलं. पणजोबा मॅरेथॉन काउंटीतून मिलवॉकीला येऊन गाड्यांच्या कारखान्यात लागले. शहराच्या दरवर्षी निघणाऱ्या पत्तापुस्तिका वाचनालयात आहेत, त्यांत नाव, धंदा, घर नंबर सगळं असतं. १९१६ मध्ये श्नायडर. १९१९ मध्ये त्याच घरी, त्याच धंद्याचा स्नायडर. मधल्या काळात अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली होती.

अण्णा_सिनसिनाटी

साहजिक आहे. १९१७-१८ मध्ये इथे जर्मन बोलणं म्हणजे संकट होतं. शाळांतून जर्मन काढली, आंबवलेल्या कोबीचं नाव बदलून 'लिबर्टी कॅबेज' केलं. सिनसिनाटीत रस्त्यांची जर्मन नावं पुसली. आणि ज्यांनी दुसरे कागद केले नव्हते, म्हणजे तुझ्या खापरपणजोबांसारखे, त्यांना पस्तीस वर्षं इथे राबून 'शत्रू परकीय' म्हणून नोंद करायला लावलं, ठसे आणि फोटोसकट. त्या नोंदी बहुतेक ठिकाणी टिकल्या नाहीत, पण चौकशी कर. असं काही घरावर आलं की लोक एलिस आयलंडची गोष्ट सांगतात. "कारकुनाने बदललं" म्हणणं "आम्ही घाबरलो" म्हणण्यापेक्षा सोपं.

उंटावरचा_शहाणा

हे पटलं. शब्द मागे घेत नाही, पण पटलं.

अबोली_मिलवॉकी

मंडळी, लग्नाची नोंद मिळाली!

बाप्तिस्म्याचे साक्षीदार दोन वेगवेगळ्या घरांतले निघाले, आणि त्यांच्यातल्या एकाच्या दफननोंदीत गावासोबत जवळच्या मोठ्या चर्चचं नाव होतं. त्यावरून स्टांडेसआम्ट ठरवला आणि पोलंडच्या संकेतस्थळावर १८७८ ची लग्नाची वही पहिल्या पानापासून उलटली. छापील फॉर्म, मोकळ्या जागा हाताने भरलेल्या. खापरपणजोबांचा धंदा 'क्नेश्ट', म्हणजे शेतावरचा गडी. बायको 'माग्ड', मोलकरीण. खाली 'वाचून दाखवलं, मान्य केलं, सही केली' असं छापलंय आणि त्याखाली त्यांची सही. कुरेंटमध्ये, शाळकरी मुलासारखी सुटी सुटी अक्षरं, शेवटचं आर ओळीखाली घसरलेलं. तिने तीन फुल्या केल्यात आणि अधिकाऱ्याने शेजारी तिचं नाव लिहिलंय.

आता अडचण. वराच्या, म्हणजे खापरपणजोबांच्या, आईवडिलांच्या जागी वडिलांचं नाव नाहीच. 'अविवाहित मोलकरीण अमुक श्नायडर हिचा मुलगा', एवढंच. म्हणजे आम्ही ज्या आडनावाचा माग काढतोय ते मुळात तिचं. सासूबाईंना सांगू का नको, असं दोन दिवस चाललं होतं. शेवटी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं, निदान एक तरी नाव बाईचं टिकलं." आणि लगेच विचारलं, मग बाप कोण?

श्टुटगार्टकर

सासूबाई झकास आहेत. उत्तर-पूर्वेकडच्या जमीनदारी भागात हे सर्रास दिसतं. गड्यांना लग्न करून बिऱ्हाड थाटायला जागा मिळायची नाही, मूल आधी व्हायचं. उगाच जमीनदाराचा पोरगा वगैरे कल्पना करू नका, बहुतेक वेळा बाप शेजारच्या शेतावरचा गडीच असतो.

बघायचं कुठे? १८५५ चा बाप्तिस्मा, म्हणजे चर्चची वही, सरकारी नव्हे. आईने बापाचं नाव सांगितलं असेल तर पास्टर कडेला लिहून ठेवायचे. कधी पुढे त्याच दोघांचं लग्न झालेलं असतं, तेही तिथेच कळतं. वही टिकली असेल तर. आधी मायक्रोफिल्म झालीय का ते बघा, नाहीतर ग्राइफ्सवाल्डला मेल टाका. जर्मनमध्ये लिहा, मोजकं लिहा, गाव-वर्ष-नाव एवढंच. मसुदा मी करून देतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

अबोली_मिलवॉकी

व्यनि केलाय. त्या पॅरिशची वही मायक्रोफिल्मच्या यादीत १८५३ ला संपते आणि १८६१ ला पुन्हा सुरू होते. आमचं नशीब!

अण्णा_सिनसिनाटी

थांब, नशिबाला बोल लावू नकोस. श्नायडरबाई १८७४ नंतर वारली असेल तर तिच्या मृत्यूची नोंद त्याच स्टांडेसआम्टात मिळेल. पुढे लग्न केलं असेल तर नवऱ्याचं नावही त्यात असेल, आणि तोच बाप असण्याची शक्यता बरीच. १८७४ पासूनच्या मृत्यूच्या वह्या काढ. आणि ते चौथं मूल विसरू नकोस. बोटीवर गेलं असेल तर ते उतरतानाच्या यादीत शेवटी वेगळं लिहिलेलं असतं, म्हणून बाल्टिमोरची यादी शेवटच्या पानापर्यंत बघ.